मागून येणारा आवाज आणि भरवशाचा मिस्त्री

पेण सोडून वडखळच्या पुढे गाडी ५०-६०च्या वेगाला लागते आणि मागच्या सीटखालून एक ताणलेला ‘हूंऽऽ’ सुरू होतो. ॲक्सिलरेटर दाबला की चढतो, सोडला की उतरतो. पहिले काही दिवस वाटतं, टायर असेल. महिन्याभराने मागे बसलेली माणसं विचारायला लागतात. मग गाडी एखाद्या गॅरेजच्या दारात उभी राहते, मिस्त्री एक फेरी मारून येतो आणि सांगतो, “डिफरन्शियल गेला. खोलावा लागेल.”

या वाक्यापुढे गाडीमालक गप्प होतो. इंजिनाबद्दल चार गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात, डिफरन्शियलबद्दल सहसा काहीच ठाऊक नसतं. तो गाडीच्या पोटाखाली, चिखलात असतो आणि वर्षानुवर्षं कुणी त्याच्याकडे बघत नाही. म्हणून इथे दोन गोष्टी सांगायच्या आहेत: आवाज नक्की कुठला हे स्वतः कसं ओळखायचं, आणि खोलायची वेळ आलीच तर गाडी कुणाच्या हाती द्यायची. माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. डिफरन्शियल का खोलायचा हे जो तुम्हाला दाखवू शकतो, तोच तुमचा मिस्त्री. तो काय दाखवतोय ते समजण्याइतकं आपल्याला यायला हवं.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांमध्ये १.४ मीटर अंतर धरलं, तर काटकोनातल्या एका वळणात बाहेरचं चाक सुमारे २.२ मीटर जास्त धावतं. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना द्यायची आणि तरीही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचं, हे डिफरन्शियलचं काम. प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाला लहान दातेरी पिनियन असतं, ते मोठ्या क्राऊनला फिरवतं. क्राऊनच्या पोटात चार छोट्या गिअरांची जुळणी असते, ती वळणावर चाकांतला फरक सांभाळते. हे सगळं जाड तेलात बुडालेलं, लोखंडी हौसिंगमध्ये बंद.

बोलेरो आणि तिचा पिकअप, स्कॉर्पिओ, सुमो, जुनी इनोव्हा, ईको, छोटा हत्ती या गाड्यांत तो मागच्या एक्सलच्या मधोमध गोल फुगवट्यासारखा दिसतो. वॅगनआर, स्विफ्टसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या पोटातच असतो, तेलही तेच असतं. अशा गाडीत वळताना पुढून ‘कट-कट’ ऐकू आलं, तर आधी ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा रबरी बूट फाटलाय का ते बघा. दोष बहुधा तिथल्या जॉइंटचा निघतो. अशा गाडीच्या मागच्या बाजूला कुणी ‘डिफरन्शियलचं काम’ सांगितलं, तर तिथून सरळ निघा. पुढचं सगळं मागच्या डिफरन्शियलबद्दल आहे.

आवाजाची परीक्षा घ्यायला आपल्याकडचा रस्ता फार उपयोगी आहे. मुंबई-गोवा महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ साली रुंदीकरणाला लागला आणि दशकाहून जास्त काळ रखडला. त्याने आपल्या गाड्यांचं काय केलं ते इथल्या प्रत्येक गॅरेजवाल्याला माहीत आहे. पण आज त्यावर काही ठिकाणी काँक्रीट आहे, तर सर्व्हिस रोडला आणि गावातल्या रस्त्याला डांबर आहे. टायरचा आवाज काँक्रीटवरून डांबरावर उतरताच बदलतो. डिफरन्शियलला रस्ता कुठला आहे ते कळत नाही, त्याचा सूर तसाच राहतो. एवढ्या एका तपासणीत खर्चिक गैरसमज टळू शकतो.

दुसरी तपासणी भाराची. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ५०च्या वेगाला आधी ॲक्सिलरेटर दाबून चालवा, मग पाय काढून गाडी गिअरमध्येच मंदावू द्या. ताकद देताना आवाज येतो आणि पाय काढताच जातो, तर संशय क्राऊन-पिनियनच्या दातांवर. पाय काढल्यावरच येत असेल, तर पिनियनचं बेअरिंग सैल झालं असण्याची शक्यता मोठी. नागोठण्याहून रोह्याकडे जाताना भिसे खिंडीत चढ आणि उतार दोन्ही मिळतात. चढावर कान द्या, उतारावर द्या, पण उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. आवाजासाठी जीव धोक्यात घालायचं कारण नाही.

ताकद देण्या-सोडण्याने फारसा न बदलणारी जड घरघर, जी हलक्या डाव्या-उजव्या वळणावर कमी-जास्त होते, ती बहुतेक वेळा चाकाच्या बेअरिंगची असते. गाडी हलताना किंवा रिव्हर्स टाकताना ‘टण्’ असा एकच ठोका येतो, तेव्हा आधी प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस बघायचे. क्रॉस बदलणं हे क्राऊन-पिनियनच्या मानाने किरकोळ काम आहे आणि ते न तपासता डिफरन्शियल खोलायला सांगणारे भेटतात. ठराविक वेगालाच गाडी थरथरते, त्याचं कारणही बहुधा शाफ्टमध्येच सापडतं. फक्त कडक वळणावरच मागून कुरकुर आली, तर क्राऊनच्या पोटातले छोटे गिअर किंवा त्यांचे वॉशर झिजलेले असू शकतात.

एवढं झालं की तेल. कुठल्याही मिस्त्रीकडून पहिली गोष्ट हीच करून घ्यायची: माझ्यासमोर तेल काढा. हौसिंगला दोन बूच असतात, वरचं भरायचं, खालचं काढायचं. आधी वरचं उघडायला सांगा. खालचं उघडून तेल सांडलं आणि मग वरचं गंजून अडकल्याचं लक्षात आलं, तर गाडी तिथेच बसते. गाडी सपाट जागी उभी असताना वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल असायला हवं, बोट घातलं की लागलं पाहिजे. पुष्कळ गाड्यांत बोटाला काहीच लागत नाही, आणि आवाजाचं मूळ तिथेच असतं.

तेल पांढऱ्या थाळीत काढा आणि उजेडात बघा. काळं झालेलं तेल म्हणजे बदलायला उशीर झाला, इतकंच. बुचाच्या चुंबकाला राखाडी, बारीक मलमासारखा लेप असतो, त्याला घाबरू नका, लोखंड लोखंडावर फिरलं की तेवढं झिजणारच. पण लेपात चकाकणाऱ्या चकत्या, सुईसारखे कण किंवा दाताचा तुकडा सापडला, तर खोलणं भाग आहे आणि त्या दिवसापासून गाडी चालवू नये. तुटलेला तुकडा दातांत अडकून मागची चाकं धावत्या गाडीत जाम होऊ शकतात.

आणि तेल दुधाळ, चहासारखं निघालं तर त्यात पाणी आहे. हा आपल्या भागाचा खास आजार. एक्सलच्या वरच्या बाजूला ब्रीदर नावाची छोटी टोपी किंवा नळी असते. तेल तापलं की आतली हवा तिथून बाहेर पडते, गार झालं की आत येते. तासभर धावून तापलेली गाडी साचलेल्या पाण्यात उतरली, की आतली हवा एकदम आक्रसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. पावसाळ्यात आंबा आणि कुंडलिका या नद्या फुगतात, तेव्हा हे किती गाड्यांचं होतं ते विचारू नका. पेणच्या खारेपाटात तर उधाणाच्या भरतीला बंदिस्तीला खांड जाते आणि खारं पाणी रस्त्यावर येतं. अशा पाण्यातून चाकाच्या मध्यापर्यंत बुडून गाडी आली, तर आठवड्याच्या आत डिफरन्शियलचं तेल उघडून बघा. गोड्या पाण्याने बेअरिंग हळूहळू जातं, खाऱ्याने फार लवकर. वेळेत तेल बदललं तर काम तेलाच्या किमतीत भागतं.

चिखलाने ब्रीदर बुजला तर उलटं होतं. आतला दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो. सील नवं घातलं तरी महिन्याभरात पुन्हा गळती, असं दोनदा झालं तर तिसरं सील घालण्याआधी ब्रीदर साफ करायला सांगा. एक्सलचं सील गळून तेल मागच्या ब्रेकच्या लायनरवर उतरलं की ब्रेक कमी लागतो. चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ दिसले, तर ते काम पुढच्या पगारावर ढकलू नका.

तेलाच्या जातीबद्दलही बोलायला हवं. बहुतेक गाड्यांत पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसवलेलं असतं, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसरतातही. त्या घसटीला साधं गिअर ऑइल पुरत नाही, जीएल-५ दर्जाचं, सहसा ८०डब्ल्यू-९० तेल लागतं. गाडीच्या पुस्तिकेत जे छापलंय तेच घाला. हेच तेल ‘भारी आहे’ म्हणून गिअरबॉक्समध्ये मात्र घालू नये, बऱ्याच गिअरबॉक्सांतल्या पितळी भागांना ते सोसत नाही. कुणी आवाज दाबण्यासाठी फारच जाड तेल सुचवलं तर नको म्हणा. जुनी गाडी विकताना वापरली जाणारी ही युक्ती आहे, त्याने आवाज लपतो, झीज चालूच राहते. जुनी पिकअप घेताना बूच उघडून तेल बघितल्याशिवाय इसार देऊ नये.

आता माझ्यावर गुदरलेलं सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीचं पिनियनचं सील गळत होतं. महामार्गावरच्या एका गॅरेजात मी ते बदलून घेतलं. तासाभराचं काम. पोराने पिनियनचं नट पान्याला लांब पाइप लावून, अंगाचा सगळा भार टाकून आवळलं, आणि मला तेव्हा ते मेहनतीचं लक्षण वाटलं. चारशे किलोमीटरच्या आत मागून सूर सुरू झाला. त्या गॅरेजने सांगितलं, “क्राऊन-पिनियन संपलं, नवीन टाका.”

नवीन टाकण्याआधी मी रोह्याकडच्या एका वयस्क मिस्त्रीला गाडी दाखवली. त्यांनी बोनेट उघडलं नाही, खाली वाकले नाहीत. “शेठ, बसा बाजूला, गाडी मी चालवतो, आणि दहा मिनिटं बोलू नका,” म्हणाले. परत आल्यावर पहिला प्रश्न विचारला, “पिनियनचं नट कुणी उघडलं होतं?” त्या नटामागे बऱ्याच गाड्यांत एक पातळ नळी असते, मिस्त्री तिला स्पेसर म्हणतात. नट आवळताना ती ठराविकच दबायची असते, तेवढ्यात बेअरिंगवर हवा तितका ताण बसतो. ती जास्त दबली की परत फुगत नाही, आणि जास्तीच्या ताणाने बेअरिंग जळतं. त्यांनी डिफरन्शियल उतरवला, दात मला दाखवले. ते शाबूत होते. पिनियनची दोन बेअरिंगं, नवा स्पेसर, नवं सील, नवं नट, आणि दोन दिवस. क्राऊन-पिनियनच्या किमतीचा छोटासा भाग खर्च झाला. ती गाडी त्यानंतर बरीच वर्षं चालली.

या कामातली मेख हीच आहे. भाग बदलणं कुणालाही येतं, बसवणं थोड्यांना. क्राऊन आणि पिनियनच्या दातांमध्ये मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतकाच मोकळा खेळ ठेवायचा असतो. ते हाताने हलवून कळत नाही, त्यासाठी डायल गेज लागतं. खेळ कमी-जास्त करायला कागदासारख्या पातळ शिम घालाव्या लागतात. शेवटी दातांना रंग फासून क्राऊन फिरवतात आणि दात नेमके कुठे टेकतात तो ठसा बघतात. ठसा दाताच्या मध्यावर हवा. अगदी कडेला आला तर पुन्हा खोला, पुन्हा शिम बदला. हे तीन-चार वेळा करावं लागू शकतं. म्हणून दुपारी सोडलेली गाडी संध्याकाळी ‘झाली’ म्हणून हातात आली, तर मला धाकधूक वाटते.

मिस्त्रीला विचारायचे प्रश्न यातूनच निघतात. डायल गेज आहे का, दाखवाल का? ठसा काढाल तेव्हा मला फोन कराल का, किंवा फोटो पाठवाल का? स्पेसर नवा घालणार ना? क्राऊन-पिनियन जोडीनेच बदलणार ना? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘एकटं पिनियन बदलून भागवू’ असं आलं, तर गाडी काढून घ्या. ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते, त्यातला एकच जोडीदार बदलता येत नाही. चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही. उलट कुणीतरी विचारतंय याचं त्याला बरं वाटतं, हा माझा अनुभव आहे.

असा माणूस शोधायचा कुठे? गाडी बंद पडल्यावर शोधू नये, ही पहिली अट. उन्हाळ्यात, काही बिघडलेलं नसताना, डिफरन्शियलचं तेल बदलायच्या निमित्ताने दोन-तीन गॅरेजांत जा. कोण आधी वरचं बूच उघडतं, कोण तेल बोटांवर घासून बघतं, कोण बूच पुसून नवा वॉशर लावतं, ते शांतपणे बघा. गणपतीच्या आधीचा महिना टाळा. पेण, हमरापूर, जोहे इथून मूर्ती भरलेल्या पिकअप मुंबई-पुण्याला निघालेल्या असतात, गॅरेजवाल्यांना जेवायला फुरसत नसते, आणि घाईत झालेलं शिमचं काम बिघडतं.

चौकशीही योग्य माणसांकडे करा. ज्यांच्या गाडीवर घर चालतं त्यांना विचारा: मासळीचा, बर्फाचा टेम्पोवाला, मूर्तींची वाहतूक करणारा, धाटावच्या एमआयडीसीत कामगारांची ने-आण करणारा. त्यांची गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई जाते, त्यामुळे वाईट मिस्त्रीकडे ते दुसऱ्यांदा जात नाहीत. पेणजवळ रामवाडीला एसटीच्या रायगड विभागाचं कार्यालय आहे. तिथल्या किंवा रोहा आगारातल्या निवृत्त यांत्रिकांपैकी कुणी ओळखीचं असेल, तर फार उत्तम. मोठ्या गाड्यांच्या डिफरन्शियलवर ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांचं एक वाक्यही उपयोगी पडतं. ते काम घेत नसले तरी सोबत येऊन आवाज ऐकतील. त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे आवर्जून द्या.

इथल्या सगळ्याच गॅरेजांत डिफरन्शियल बसवण्याची साधनं नसतात, आणि यात कमीपणा काही नाही. “मी उतरवून देतो, बसवायचं काम पनवेल-कळंबोलीला करून आणू,” असं जो स्वतःहून सांगतो त्याच्यावर माझा विश्वास जास्त बसतो. फक्त ते काम कुणाकडे होणार, हमी कोण देणार, हे आधी ठरवून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र कुठेही बूच न उघडता अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या.

पैशाबद्दल संकोच नको. स्पेअर पार्टच्या दुकानातून मिस्त्रीला थोडी सूट मिळते, ती त्याने ठेवली तर ठेवू द्या, त्याच्या धावपळीचे ते पैसे आहेत. खोटा माल मात्र चालवून घेऊ नये. बेअरिंगचा खोका आणि त्यावरचा छाप स्वतः बघा. काही मोठ्या बेअरिंग कंपन्यांनी अस्सल माल ओळखण्यासाठी मोबाइल ॲपही दिली आहेत. आगाऊ रक्कम मालाच्या किमतीपुरती, शक्यतो थेट दुकानदाराला द्या. जुने भाग तुमचे आहेत, ते परत मागा. बिलावर ‘डिफरन्शियल काम, एकूण’ एवढंच लिहिलेलं घेऊ नका. कुठलं बेअरिंग, कुठलं सील, मजुरी किती, किलोमीटर किती आणि हमी किती दिवसांची, हे वेगवेगळं लिहून घ्या. पुढे वाद झालाच तर याच कागदावर उभं राहता येतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दुरुस्ती ही सेवा आहे आणि तिच्यातल्या त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. आपला आयोग अलिबागला आहे. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. पण त्याहीआधी मिस्त्रीशी समोर बसून बोला. पेण-रोह्यासारख्या गावात त्याला उद्याही इथेच धंदा करायचा आहे, आणि बरेच वाद चहावर मिटतात.

क्राऊन-पिनियन खरंच गेलं आणि नवी जोडी परवडत नसेल, तर भंगारातल्या गाडीचा अख्खा डिफरन्शियल घालता येतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असा माल मिळतो. अंदाजाने बसवलेला नवा संच आणि कारखान्यातून आलेली, कुणी न उघडलेली जुनी जुळणी यात मी दुसरीला पसंती देईन, जर त्यातलं तेल स्वच्छ असेल तर. पण दात मोजा. क्राऊनचे ४१ आणि पिनियनचे १० असतील तर गुणोत्तर ४.१ होतं. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांतही ते निराळं असू शकतं. गुणोत्तर चुकलं तर गाडीची ओढ आणि डिझेलचा खर्च दोन्ही बिघडतात, आणि चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचा-मागचा मेळ बसत नाही. गाडी रस्त्यातच अडली असेल तर मागची चाकं जमिनीवर फिरवत ओढून आणू नका, सपाट पाटाच्या क्रेनवर चढवून आणा. महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे.

काम झाल्यावर गाडी हातात आली की पहिले काहीशे किलोमीटर भार कमी ठेवा आणि ताम्हिणीसारखा मोठा घाट टाळा. पेणहून निघालात तर वडखळला थांबा आणि खाली वाकून हौसिंगला तळवा लावा. कोमट लागेल, नवं बेअरिंग थोडं तापतंच. नागोठण्याला पुन्हा लावा. तीन-चार सेकंद हात ठेवता आला तर पुढे जा. चटका बसला तर तिथेच थांबून मिस्त्रीला फोन करा, भिसे खिंड चढू नका. हजार किलोमीटर झाले की गाडी त्याच्याकडे परत न्या, वरचं बूच आधी उघडायला सांगा, आणि ते पहिलं तेल पुन्हा पांढऱ्या थाळीत काढून दोघांनी मिळून उजेडात बघा.